पुढची एक सीट रिकामी

७ जानेवारी

सकाळपासून फोन. कणकवलीची गाडी रिकामी परत चाललीय एवढं ग्रुपवर टाकायचा अवकाश, माणसं तुटून पडतात. एकाला फ्रिज पाठवायचाय, एकीला बाळंतिणीसाठी पाळणा. चिंचपोकळीच्या एका बाईला स्वतःलाच जायचं होतं, वडील गेले म्हणून. ड्रायव्हर दिगूला म्हटलं, पुढच्या सीटवर बसव तिला. तर म्हणे, "ताई, थंय टीव्हीचो खोको ठेवचो आसा. मागे घातलो तर फुटतलो. आणि सामान वाटेत मुताक थांबणा नाय."

टीव्ही गेला. बाई राहिली. एसटी बघा म्हटलं तिला. फोनवर रडायला लागली. मी ठेवून दिला. दुसरा कॉल वेटिंगवर होता.

रे रोडचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस बंद झालं तेव्हा शेठने पेढ्यांचा बॉक्स हातात ठेवला आणि शटर ओढलं. बाकीच्या मुली रडत होत्या. मी तेवढ्यात सगळ्या ड्रायव्हर लोकांचे नंबर मोबाईलमध्ये घेतले. आज त्यावरच चाललंय. मुंबईत माल उतरवून रिकामा परतणारा टेंपो आणि गावी काही धाडायचं असलेला माणूस, दोघांची गाठ घालून द्यायची. बस. एवढंच काम.

आई खाटेवरून ऐकत असते. "दिसभर परक्या पुरुषांवांगडा बोलत रवता. लाज नाय." म्हटलं, त्याच बोलण्यावर तुझ्या गोळ्या येतात. तिने ऐकू न आल्यासारखं केलं.

१२ जानेवारी

चाळीची मीटिंग. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खोल्या खाली करायच्या, मग पाडणार. नवीन बिल्डिंग होईतो भाड्याने राहायचं. म्हात्रेकाकू टाळ्या वाजवत होत्या, आपल्याला लिफ्ट मिळणार म्हणून.

जेवताना बाळूने सांगितलं, इथेच लालबागेत वन रूम किचन बघितलंय. त्यापेक्षा मोठं नाही जमत. पोरीची, श्रेयाची, पुढच्या वर्षी बारावी, तिला अभ्यासाला कोपरा हवा. बोलताना माझा भाऊ भिंतीकडे बघत होता. भिंतीवर काही नाही.

आईने मात्र सरळ माझ्याकडे बघितलं. "नंदान आता गावाक जावक व्हया. थंय घर आसा. हिका हंय कोण आसा?"

भावजयीने, रश्मीने, भात वाढला. मलाही वाढला.

२० जानेवारी

बांगडे. मधले तुकडे बाळूला आणि श्रेयाला. शेपटी माझ्या ताटात. फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून शेपटी. आता तर मी स्वतःच बांगडे आणते, साफ करते, तळते, आणि आई खाटेवरून बोट दाखवते कुठला तुकडा कुणाला.

म्हात्रेकाकू आल्या होत्या. आई त्यांना सांगत होती, "हिचा लगीन काय जमूक नाय. म्हणान रवली आमच्या डोक्यार."

जमलं होतं. परळचा होता. त्याची आई दोनदा येऊन गेली, माझ्या हातचे पोहे खाऊन गेली. तेव्हा बाळू कॉलेजात होता आणि घरात पगार माझा एकटीचा. आईनेच परस्पर निरोप धाडला, मुलीला करायचं नाही म्हणून. मला नंतर म्हात्रेकाकूंकडूनच कळलं. आज त्या मान हलवत होत्या. "हो ना, नशीब."

तेल लावलं आईच्या गुडघ्यांना. रोजचंच. "जोर नाय तुझ्या हाताक."

५ फेब्रुवारी

रश्मी गोड बोलायला लागलीय. "ताई, गावचं घर एकदा झाडून घ्यायला हवं, नाही का? चुलतभाऊ बघतील ना?" काल मला तिचा जुना स्वेटर दिला. फेब्रुवारीत. गावाला पहाटे गारठा असतो म्हणे.

गावी आमच्या वाडीत रेंज नाही. देवळाच्या पायऱ्यांवर उभं राहिलं तर दोन काड्या येतात. म्हणजे ग्रुप संपला. पायऱ्यांवर उभं राहून काय गाड्या भरणार. दोन महिने फोन लागला नाही तर ड्रायव्हर दुसरं कोणी बघतील. कोणी वाईट मानून घेऊ नये, मीही तेच केलं असतं.

दुपारी दादरला जाऊन आले, नोकरी करणाऱ्या बायकांच्या होस्टेलला. काउंटरवरच्या मुलीने वय विचारलं. सांगितलं. तिने हसू दाबलं, चांगली होती बिचारी. "काकू, पस्तीसच्या आत लागतं." येताना भाजी घेऊन आले. कोणी विचारलं नाही कुठे गेलेलीस.

१८ फेब्रुवारी

बाळू शेवटी बोलला. चप्पल घालता घालता.

"ताई, एप्रिलच्या सुरुवातीला गावी थोडं सामान पाठवायचंय. परतीची गाडी बघून ठेव."

"काय काय आहे?"

"एक खाट. लहान कपाट. थोडी भांडी."

गेला. जिना उतरताना शिटी वाजवत होता.

घरात खाट एकच, आईची. मी खाली गादी टाकून झोपते. म्हणजे गावच्या शेणाच्या जमिनीवर मला झोपायला लागू नये म्हणून आईची खाट माझ्याबरोबर देतायत. मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. एवढ्यावर रडू आलं. मूर्ख बाई.

मग बसून स्वतःच्याच ग्रुपवर टाकलं, बाळू-रश्मी पण आहेत त्यात. लालबाग ते कणकवली, एप्रिल पहिला आठवडा, खाट, कपाट, भांडी, एक पॅसेंजर. तेव्हा आंब्याच्या गाड्या इकडे भरून येतात आणि रिकाम्या परत जातात, अडचण काहीच नाही. दिगूने लगेच अंगठा टाकला.

२४ फेब्रुवारी

दिगूचा फोन. मी जिन्यात होते.

"ताई, तुमच्या भावाचो फोन इल्लो. म्हाताऱ्येक पुढे बसवूक जमात काय, इचारी होतो."

"कुठली म्हातारी?"

"तुमची आवस. दुसरी खयची?"

तोच पुढे म्हणाला, "आणि एक सांगू? तुमचो भाव म्हणालो, सामानाचा भाडा घेतस मां, मगे आईचा वेगळा लावू नको."

जिन्यातच बसले. दुसऱ्या मजल्यावरची पोरं माझ्या अंगावरून उड्या मारून गेली. आधी कळलंच नाही. मग कळलं. मग हसायला यायला लागलं, ते थांबेना. तोंडात पदर धरला.

मी नाही. ती.

२५ फेब्रुवारी

बाळूला खाली नाक्यावर गाठलं. ऑफिसहून येत होता, हातात श्रेयासाठी वह्या.

"तू आईला पाठवतोयस?"

"हळू बोल."

"आणि मी?"

"तू कशाला जाशील? तुझं काम इथे आहे. आणि रश्मीची ड्यूटी बदलतेय, सकाळची होणार. श्रेयाचा डबा, वरचं सगळं... तू लागतेस ताई."

तू लागतेस. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं.

मी म्हणायला हवं होतं की आईला एकटीला कसं धाडतोस. तिला चूल पेटवता येत नाही आता. विहिरीचं पाणी कोण काढणार. चुलतभाऊ अरविंद आणि त्याची बायको सुमन, त्यांच्याशी आपलं दहा वर्षं माडांवरून बोलणं नाही. सगळं ओठावर होतं. विचारलं काय तर, "आईला कधी सांगणार?"

"मी सांगतो. तू नको सांगूस."

"बरं."

त्याने मला उसाचा रस पाजला. आम्ही दोघं उभ्याने प्यायलो. लहानपणी एका ग्लासात पीत असू.

२८ फेब्रुवारी

आई माझी तयारी करतेय. पेटीतून जुनी चादर काढून दिली, "ही ने थंय, फाटकी आसा पण चलात." वर उपदेश. "सुमनेवांगडा भांडू नको. जीभ आवर. थंय तुझा ऐकून घेवक बाळू नाय आसा."

"बरं," म्हटलं.

"आणि माका फोन करून रडत बसा नको. माका बाळूचा बघूचा आसता."

"बरं आई."

शब्द घशापर्यंत आला होता. गिळला. गोड लागला.

५ मार्च

चाळभर सांगून झालंय तिचं, नंदा जातेय, नंदा जातेय. बायका माझ्याकडे येऊन हळहळतात. मी पण मान खाली घालते. छान जमतं.

सकाळी तेल लावताना म्हणाली, "तू गेल्यार रश्मी लावतली. तिचे हात मऊ आसत." मी र.कडे बघितलं. र.ने टीव्हीचा आवाज वाढवला.

मी आज जोर लावून चोळलं. कळवळली. म्हटलं, तूच म्हणतेस ना जोर नाही.

१४ मार्च

शिमग्याची गर्दी. जायच्या बाजूला जागा नाही, लोक टपावर बसायला तयार. मी कोणाचंच नाव पुढे घेत नाही, जो आधी बोलला तो. असं लोकांना सांगते. खरं म्हणजे ज्याचं सामान अडचणीचं नाही तो.

परळच्या एका साहेबांनी कुत्र्यासाठी पुढची सीट घेतली. मोठ्ठा मेसेज. गाडीला एसी हवा, दोन तासांनी पाणी, वाटेत सावलीत थांबा, हॉर्न जोरात वाजवायचा नाही, घाबरतो. पोचला की व्हिडिओ पाठवा.

दिगूला विचारलं, माझ्या भावाने आईसाठी काय सांगितलं? थांबा, पाणी, गोळ्या?

"काय नाय. खाटेचे पाय मोडता नये म्हणालो तो."

२२ मार्च

बाळूने आज सांगितलं तिला. म्हणजे खोटं सांगितलं. गावी देवीचा गोंधळ ठरलाय, तू पुढे हो, मी आठ दिवसांत रजा काढून येतो, मग बरोबरच परत येऊ. शहाळी पिऊ, असंही म्हणाला. एवढं लाडाने कित्येक वर्षांत बोलला नव्हता. आईचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. बघवत नव्हतं आणि मी बघत होते.

तिने आपल्या परीने सगळं जुळवून घेतलं. संध्याकाळी म्हात्रेकाकूंना सांगत होती, "नंदा माका पोचवता आणि थंयच रवता. मी बाळूवांगडा परत येतंय. नव्या घरात."

र. आत कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मला म्हणाली, "ताई, तुम्ही सांगून टाका ना त्यांना. तुमच्याशी बोलणं सोपं आहे."

"सून तू आहेस," म्हटलं.

"मुलगी तुम्ही आहात."

मग आम्ही दोघींनी मिळून कपबश्या गुंडाळल्या.

३ एप्रिल

गेली.

सकाळी र.ने म्हात्रेकाकूंना सांगून आईला त्यांच्याकडे चहाला बसवलं. तेवढ्या वेळात हमालांनी खाट आणि कपाट खाली नेलं. गाडीत सगळ्यात आत सरकवलं, वर ताडपत्री. मी हमालांना घाई करत होते. मलाच कळलं मी घाई करतेय ते.

आई हिरवी साडी नेसली होती, बाळूच्या लग्नातली. जिना उतरायला अर्धा तास. प्रत्येक मजल्यावर थांबून निरोप. "आठ दिसांनी येतंय हां." लोक हात हलवत होते. निम्म्यांना ठाऊक होतं.

खाली दिगूने दार उघडलं. आईने आत बघितलं. "ही खंय बसतली?" ही म्हणजे मी.

बाळूने माझ्याकडे बघितलं. र.ने माझ्याकडे बघितलं.

"पुढे एकच सीट आहे आई," मी म्हटलं. "मी मागून येते, दुसऱ्या गाडीने."

"एकटा जावचा माका?"

"दिगू आहे ना. आपलाच आहे."

मला उत्तर न देता ती बाळूला म्हणाली, "बाबा, ही येवक नाय तरी चलात. तू ये."

बाळू पाया पडला. दिगू स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. टेंपो शिवडीकडे वळला तेव्हा तिचा हात खिडकीबाहेर होता, हलवत नव्हती, नुसता बाहेर ठेवलेला.

वर आले. खाटेची जागा रिकामी. चार पायांचे चार खळगे लादीवर. तिथे झाडू मारला.

४ एप्रिल

दि.चा फोन संध्याकाळी. आवाज तुटका.

घरापर्यंत ठीक गेली म्हणे. वाटेत गोष्टी सांगत होती, बाळू शाळेत पहिला कसा यायचा वगैरे. गाडी अंगणात लागली, ताडपत्री काढली आणि तिने खाट बघितली.

"गप झाली. मगे म्हणाली, ही परत चढय. ही हयची न्हय. मी म्हटलंय, आजी, माका आंब्याच्यो पेटयो भरूच्यो आसत. ऐकणा नाय. खाट उतरली तशी तिच्यारच बसली, अंगणात, उन्हात. सुमन पाणी घेवन इली, घेतल्यान नाय. मी निघालंय तवा थंयच होती."

"मग?"

"मगे काय ताई. माझ्यो पेटयो भरूच्यो होत्यो."

बाळूला सांगितलं. म्हणाला, "दोन दिवसांत होईल सवय. तिचं बालपण तिकडेच गेलंय." श्रेयाने विचारलं, आजी कधी येणार? र. म्हणाली, तुझं सगळं सुरळीत झालं की. श्रेया पुन्हा फोनमध्ये.

११ एप्रिल

नवीन घरात. चौथा मजला. हॉलमधला दिवाण मला. दिवाण! खिडकीशी. पहिल्यांदा जमिनीपासून वर झोपते आहे. रात्री कोणी कण्हत नाही, कोणी पाणी मागत नाही, कोणी तेल चोळून घेऊन मग जोर नाही म्हणत नाही. सलग झोप. सकाळी उठले तर स्वतःचे हात हलके वाटत होते. तेलाचा वास गेलाय.

लिहायला नको, पण लिहिते. बरं वाटतंय.

चाळीवरून आज गेले. भोवती पत्रे ठोकलेत. वॉचमन आत सोडेना. नवा आहे, म्हणाला, "इधर कोई नहीं रहता."

१६ एप्रिल

सुमनवहिनीचा फोन, देवळाच्या पायऱ्यांवरून. आवाजात धार.

"आठ दिवस म्हणालेलात नंदाताई. आम्ही काय तुमचे गडी आहोत? म्हातारीला न्हाणीघरापर्यंत मी नेते. गोंधळ कुठला? कसला गोंधळ? ती रोज विचारते. आम्ही काय सांगायचं?"

मग आई, फोन स्पीकरवर होता. धाप लागली होती, चढून आली असणार.

"बाळूक दी."

बाळू समोर बसला होता. आमरस खात होता, दिगूने आणून दिलेल्या पेटीतला. मान हलवली. नाही.

"तो ऑफिसात आहे आई."

"सुट्टी आसा आज."

"तरी गेलाय."

"त्येका सांग, मी रागावूक नाय. खाट चुकान इली, सांग त्येका. माका कळला. हमालांनी चुकान चढवली."

तिने स्वतःच त्याच्यासाठी सबब शोधून ठेवली होती. माझ्यासाठी काही नाही. मी मागून येते म्हटलं होतं, त्याबद्दल एक शब्द नाही. मी आले की नाही तिच्या लक्षातही आलेलं नाही.

बाळूने वाटी चाटली आणि म्हणाला, "बघ, समजूतदार आहे."

२३ एप्रिल

ग्रुपवर फोटो.

एका नव्या ड्रायव्हरने टाकलाय. हायवेचा तिठा, आमच्या वाडीचा रस्ता फुटतो तो, पाटीखाली एक म्हातारी. हिरवी साडी, काखेत पिशवी, डोक्यावर टॉवेल. खाली लिहिलंय, "ही कोणाची? रोज सकाळी येऊन गाड्यांना हात दाखवते. लालबाग लालबाग करते. कोणाकडे सीट आहे का?"

वाडीपासून तिठा चांगला लांब. त्या गुडघ्यांनी.

मी उत्तर द्यायच्या आतच सुरू झाले.

"सध्या सीट कुठली, मांडीवर पण पेट्या आहेत."

"पेटीत भरा, वाटेत पिकेल."

"पिकलेलीच आहे."

हसणारे चेहरे. एकामागून एक. ज्यांना मी घरचे समजते ते पण. पाळणावाली पण. कुत्र्याचे साहेब पण.

मग एकाने विचारलं, "ॲडमिनताई, तुमच्याच भागातली वाटते. ओळखता का?"

सगळे थांबले. मी जवळ धरून फोटो मोठा केला. चेहरा अर्धा टॉवेलखाली. पिशवी र.ची, नव्या साडीबरोबर मिळालेली.

लिहिलं, "नाही."

मग आंब्याच्या चार गाड्यांची माहिती टाकली, म्हणजे फोटो वर सरकेल.

थोड्या वेळाने खाली बारीक अक्षरांत आलं. बाळूने ग्रुप सोडला.

२४ एप्रिल

र.ने सकाळी विचारलं, "तुम्ही बघितलं का ग्रुपवर..." आणि गॅसकडे वळली. तिने दोघींचा चहा केला. साखर विसरली होती. तशीच प्यायलो.

बाळूने दाढी करताना गाल कापून घेतला. चिकटपट्टी मी लावून दिली.

दुपारी दिगू.

"ताई, मी वाचलंय."

"काय?"

"तुम्ही नाय म्हणालास ता."

मग त्यानेच फोन ठेवला. ग्रुपवर त्याने काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्या तरी.

२८ एप्रिल

तिठ्यावरून जाणाऱ्या दोघातिघांना हळूच विचारलं, ती बाई अजून असते का. असते. एकाने पाण्याची बाटली दिली म्हणे. एकाने पोलिसांना सांगू का विचारलं. नको म्हटलं. घरचे येतील न्यायला.

येताना सगळ्या गाड्या भरलेल्या आहेत, हे खरं आहे. पण पुढे ड्रायव्हरच्या शेजारी कधी ना कधी जागा असतेच. या महिन्यात अशा सीटवर मी कितीतरी माणसं आणली. काल एक नवरदेव आणला. एकाची शिलाई मशीन.

सुमनवहिनीने फोन करणं सोडलंय.

बाळूशी बोलायचा प्रयत्न केला. म्हटलं, महिनाभर आणू या, मी दिवाण सोडते, खाली झोपेन. त्याने माझ्याकडे बघितलं. चिडला नाही. खूप थकल्यासारखा म्हणाला, "ताई, तूच तर गाडी बघून दिलीस."

३ मे

कणीक मळून ठेवलीय, झाकून. मध्येच लिहायला बसले.

दिगूचा फोन मघाशी. मागे गलका, वाशी मार्केट.

"ताई, आजी माझ्या गाडीत आसा. कोणाक इचारूक नाय. काल तिठ्यार गाडी थांबवलंय आणि दार उघडलंय. बस. आता पेटयो उतरवतंय आणि तिका घेवन येतंय. नव्या घराचो पत्तो धाडा."

मी हात पदराला पुसले.

"नाय धाडलास तर चाळीकडे सोडतंय. तिका थंयचा म्हायती आसा."

"चाळीला पत्रे लागलेत दिगू."

"म्हणानच इचारतंय."

मग तिचा आवाज, मागून. पत्तो कशाक रे, माका वाट ठाऊक आसा, मी दाखवतंय. आणि मग फोन हिसकावून घेतल्यासारखा, एकदम कानात.

"कोण? नंदा? तू हंयच आसस?"

"हो आई."

"बरा झाला." श्वास घेतला. आवाज खाली आणला, गुपित सांगावं तसा. दात नसलेलं हसू ऐकू येत होतं. "बाळूक सांगू नको हां मी येतंय ता. अचानक गेल्यार खूश होतलो."

फोन दिगूने घेतला की कट झाला, कळलं नाही.

बाळू आंघोळीला गेलाय. र. केस विंचरतेय. श्रेया झोपलीय. दोनदा पत्ता टाईप केला. बिल्डिंगचं नाव, चौथा मजला, लिफ्टच्या उजवीकडे. दोनदा पुसला.

आत्ता दि.चा मेसेज. "निघालंय. पत्तो?" मी वाचला हे त्याला दिसलं असेल.

र.ने आतून विचारलं, "ताई, डब्याच्या पोळ्या टाकल्या का?"

टाकते म्हटलं.